मेट्रोजवळचे घर घेताना: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आम्ही कर्वेनगरमध्ये भाड्याच्या घरात राहतो. माझी नोकरी कल्याणीनगरला आणि यजमानांची पिंपरीला आहे. मुलगी चार वर्षांची आहे. सासूबाई आमच्याजवळच असतात आणि त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे. स्वतःचे घर घ्यायचे ठरवल्यावर दोन पर्यायांवर येऊन थांबलो आहोत. पहिले घर पौड रस्त्यावर आयडियल कॉलनी मेट्रो स्थानकापासून जवळ, सुमारे तीस वर्षे जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर आहे. तिथे लिफ्ट नाही. दुसरे वाघोलीत, बांधकाम सुरू असलेल्या मोठ्या संकुलात आहे. तिथे तेवढ्याच पैशांत एक खोली जास्त मिळते, आणि मेट्रो वाघोलीपर्यंत येणारच आहे, असे बिल्डरच्या कार्यालयातून सांगतात. कुटुंबासाठी यांपैकी कोणता परिसर चांगला? (एक वाचक, कर्वेनगर, पुणे)

उत्तर : आपण सांगितलेल्या माहितीवरून मी परिसर पौड रस्त्याचा निवडेन, पण ती इमारत घेणार नाही. त्याच भागात लिफ्ट असलेल्या किंवा तळमजल्यावरच्या, थोड्या लहान घराचा शोध आणखी काही महिने करावा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय ठेवले, तर खाली कितीही चांगली बाग, मंदिर आणि भाजीची दुकाने असली तरी ती त्यांच्या उपयोगाची राहत नाहीत. घराबाहेर पडणे हळूहळू दवाखान्यापुरते उरते.

आता वाघोलीबद्दल. रामवाडीपासून वाघोलीच्या पुढे विठ्ठलवाडीपर्यंत आणि वनाजपासून चांदणी चौकापर्यंतच्या मेट्रो विस्ताराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून 2025 मध्ये मंजुरी दिली आहे. दोन्ही मिळून सुमारे पावणेतेरा किलोमीटर लांबी आणि 13 स्थानके असून, काम चार वर्षांत पूर्ण करण्याचे उद्दिष्ट ठेवलेले आहे. म्हणजे बिल्डर सांगतो ते निराधार नाही. परंतु पुणे मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचा अनुभव डोळ्यांसमोर ठेवावा. त्याचे भूमिपूजन डिसेंबर 2016 मध्ये झाले, पहिल्या दोन तुकड्यांवर प्रवासी गाड्या 6 मार्च 2022 रोजी धावल्या, रामवाडीपर्यंतचा मार्ग मार्च 2024 मध्ये खुला झाला आणि जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी भाग सप्टेंबर 2024 अखेरीस सुरू झाला. सुमारे तेहतीस किलोमीटरच्या मार्गाला पायाभरणीपासून जवळपास आठ वर्षे लागली. भूसंपादन, जलवाहिन्या आणि वीजवाहिन्या हलवणे, वाहता रस्ता अडवून खांब उभारणे या कामांना वेळ लागतोच आणि त्यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. मात्र तसाच विलंब झाला, तर वाघोलीतून मेट्रोने शाळेला किंवा शिकवणीला जाईपर्यंत आपली मुलगी माध्यमिक शाळेत पोहोचलेली असेल, आणि तोवर कल्याणीनगरला जाण्यासाठी आपल्याला दोन्ही वेळा नगर रस्त्याच्या गर्दीतून, तीही मेट्रोच्या कामामुळे अरुंद झालेल्या रस्त्यावरून जावे लागेल. घर घेताना आज उभे असलेले स्थानक हिशेबात धरावे, आणि येऊ घातलेल्या स्थानकासाठी जास्तीचा एक रुपयाही देऊ नये, हे सूत्र मी सर्वांना आग्रहाने सांगतो.

एक खोली जास्त मिळण्याचा हिशेबही पुन्हा मांडून पाहावा. बांधकाम सुरू असलेल्या, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत न बसणाऱ्या घरावर 5 टक्के जीएसटी द्यावा लागतो. पुनर्विक्रीच्या घरावर किंवा बांधकामपूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर तो लागत नाही. ताबा मिळेपर्यंत कर्जाचे व्याज आणि सध्याचे घरभाडे एकाच वेळी सुरू राहील. त्यात पार्किंग, देखभालीचा आगाऊ निधी आणि पाण्याच्या टँकरचा वाटा मिळवला, म्हणजे तुलना खरी होते. वाघोली जून 2021 अखेरीस पुणे महापालिकेत आली. पण गाव महापालिकेत येणे आणि महापालिकेचे पाणी प्रत्यक्ष नळाला येणे यांत बरेच अंतर असते. म्हणून तिथे आधीच राहायला गेलेल्या दोन-तीन सोसायट्यांमध्ये जाऊन उन्हाळ्यात महिन्याला टँकरवर किती खर्च होतो हे विचारावे आणि शक्य असल्यास देखभालीचे बिल पाहावे. त्या एका कागदावरून परिसराविषयी जेवढे समजते, तेवढे माहितीपत्रकाच्या वीस रंगीत पानांवरून समजत नाही.

मुद्रांक शुल्काचाही विचार आधीच करावा. पुण्यात घराच्या खरेदीवर मेट्रो अधिभार धरून 7 टक्के मुद्रांक शुल्क पडते आणि नोंदणी शुल्क 1 टक्का, पण जास्तीत जास्त 30,000 रुपये असते. घर केवळ महिलेच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. पती सहखरेदीदार असल्यास ती मिळत नाही. बँक कर्जासाठी दोघांचे उत्पन्न धरणार असेल, तर नावे कशी ठेवायची हे बँकेशी आधी बोलून घ्यावे, कारण करारनाम्याच्या दिवशी हा विषय निघाला तर धावपळ होते.

परिसर निवडताना सर्वांत जास्त वेळ कोणत्या गोष्टीला द्यावा असे विचाराल, तर घर ते स्थानक आणि घर ते शाळा या दोन पायवाटांना. जाहिरातीतली ‘स्थानकापासून पाच मिनिटे’ ही बहुतेक वेळा नकाशावर सरळ रेषा ओढून काढलेली असतात. पौड रस्त्यासारख्या वाहत्या रस्त्यावर स्थानक डोक्यावर दिसत असते. पण घराच्या बाजूला उघडणारा जिना कोणता, लिफ्ट कोणत्या बाजूला आहे, आणि ती पलीकडे असेल तर सिग्नल कुठे मिळतो, यावर खरे अंतर ठरते. हे अंतर घरातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाच्या पावलांनी मोजावे. सासूबाईंना सोबत घ्यावे, मुलीचा हात धरावा आणि संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास घरापासून फलाटापर्यंत चालत जावे. पदपथ सलग आहे का, की दर वीस पावलांवर विजेची पेटी, उभ्या दुचाक्या आणि दुकानाची पायरी आडवी येऊन रस्त्यावर उतरावे लागते. पदपथाची कड आजीच्या पायाला झेपेल एवढीच उंच आहे का. सिग्नलचा हिरवा दिवा त्यांना रस्ता ओलांडून होईपर्यंत टिकतो का. दिवे पुरेसे आहेत का, हे सगळे त्या एका फेरीत कळते. पावसाळ्यात एकदा पुन्हा जावे, कारण पाणी साचणारी जागा उन्हाळ्यात ओळखू येत नाही. ज्या वाटेवर आजी आणि नात हात धरून निवांत चालू शकतात, त्या वाटेच्या दोन्ही अंगांना मी कुटुंबासाठी योग्य परिसर मानतो, मग तिथली घरे जुनी असोत की नवी.

आपल्या बाबतीत मार्गाचाही विचार महत्त्वाचा आहे. पौड रस्त्यावरच्या वनाज, आनंदनगर आणि आयडियल कॉलनी यांपैकी कोणत्याही स्थानकावरून आपल्याला कल्याणीनगरपर्यंत गाडी न बदलता जाता येईल. यजमानांना मात्र जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलावी लागेल. तिथे वनाज–रामवाडी मार्ग उंचावरून जातो आणि पिंपरी–स्वारगेट मार्ग जमिनीखाली सुमारे तेहतीस मीटर खोलीवर आहे. सरकते जिने आणि लिफ्ट असल्या तरी एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर पोहोचायला काही मिनिटे जातात. तरण्याताठ्या माणसाला त्याचे काही वाटत नाही. मुलीला पाळणाघरातून किंवा शाळेतून आणण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्याचा प्रवास शक्यतो गाडी न बदलता व्हावा, एवढे पाहावे. गाड्या सकाळी सहा ते रात्री अकरा या वेळेत असतात. दोघांपैकी कोणाची पाळी रात्री उशिरा सुटत असेल, तर त्या वेळी पीएमपीची बस मिळते का हेही बघून ठेवावे.

शाळा आधी ठरवावी आणि मग घर, हा क्रम अनेकांना उलटा वाटतो. पण पुढची दहा-बारा वर्षे घरातला दिवस शाळेच्या वेळेनुसार आखला जाणार आहे. चालत जाता येईल अशी शाळा मिळाली, तर मूल आठ-दहा वर्षांचे झाल्यावर मैत्रिणींबरोबर स्वतः जाऊ लागते आणि घरातल्या मोठ्यांचा रोजचा तास-दीड तास मोकळा होतो. मेट्रोने वाचवलेला वेळ शाळेच्या लांबच्या बसने खाल्ला, तर स्थानकाजवळ घर घेऊन काय साधले? पौड रस्त्याच्या कोथरूड परिसरात शाळा, वाचनालये, दवाखाने आणि भाजीची दुकाने वस्तीत मिसळलेली आहेत, तिथल्या सोसायट्यांत तीन पिढ्या एकत्र राहताना दिसतात, आणि गरजेला शेजारी उपयोगी पडतो. याची किंमत कुठल्याही मूल्यांकन अहवालात धरलेली नसते.

आता या परिसराची अडचणही सांगायला हवी. मेट्रो स्थानकापासून पाचशे मीटरच्या आत, रस्त्याच्या रुंदीनुसार, चारपर्यंत चटईक्षेत्र निर्देशांक (एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण) देण्याचे धोरण आहे. त्यामुळे पौड रस्त्यालगतच्या जुन्या सोसायट्यांमध्ये पुनर्विकासाची चर्चा जोरात आहे, आणि तीस वर्षे जुन्या इमारतीत घर घेणाऱ्याने ही चर्चा गृहीतच धरावी. पुनर्विकास म्हणजे नवे, मोठे घर हे खरे. पण त्याआधी काही वर्षे भाड्याने दुसरीकडे राहणे, त्या काळात मुलीची शाळा आणि आजीचा दवाखाना सांभाळणे, आणि काम रखडल्यास भाड्याचा प्रश्न, हेही त्यात आले. राज्य शासनाच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एकूण सभासदांपैकी 51 टक्क्यांची संमती पुनर्विकासाच्या निर्णयाला पुरते, म्हणजे आपण एकट्याने नको म्हणून तो थांबत नाही. म्हणून विसार देण्यापूर्वी सोसायटीच्या सर्वसाधारण सभांची अलीकडची इतिवृत्ते वाचायला मागावीत, आणि जमिनीचे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स) किंवा मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स) सोसायटीच्या नावे झाले आहे का, हे विचारावे. ते झालेले नसेल, तर जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर आहे असा त्याचा अर्थ होतो आणि पुढचे प्रत्येक पाऊल अवघड होते. सचिव इतिवृत्ते दाखवायला टाळाटाळ करीत असतील, तर ते घर सोडून द्यावे.

प्रश्न : डोंबिवली पूर्वेला स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर नव्या इमारतीत मला परवडणारा फ्लॅट मिळतो आहे. मी दादरला नोकरी करतो, दोन मुले आहेत. इमारतीला महारेराचा (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक आहे. दर आसपासच्या इमारतींपेक्षा बराच कमी आहे आणि या आठवड्यात पैसे भरले नाहीत तर फ्लॅट जाईल असे सांगतात. घ्यावा का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : या आठवड्यात कोणालाही एक रुपया देऊ नका. आपले पत्र वाचून मला काळजी वाटली, म्हणून इतके थेट लिहितो आहे.

कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत 65 इमारतींच्या बांधकाम परवानग्या बनावट असल्याचे आणि त्याच कागदांच्या आधारे त्यांना महारेराचे नोंदणी क्रमांक मिळाल्याचे उघड झाले, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. त्या इमारतींमध्ये आपल्यासारखीच, आयुष्याची पुंजी घालून आणि कर्ज काढून घर घेतलेली कुटुंबे राहत होती. नोंदणी क्रमांक त्यांनीही पाहिला होता. म्हणून त्या क्रमांकावर न थांबता महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे पान उघडावे, तिथे चढवलेले बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि मंजूर नकाशा उतरवून घ्यावा आणि ते दोन्ही कागद घेऊन स्वतः महापालिकेच्या नगररचना विभागात जावे. जावक क्रमांक आणि तारीख त्यांच्या नोंदींशी जुळते का, मंजुरी किती मजल्यांची आहे आणि प्रत्यक्षात किती मजले उभे आहेत, हे तिथे विचारावे. तोंडी उत्तरावर समाधान मानू नये. माहितीच्या अधिकारात अर्ज करून लेखी उत्तर घ्यावे. त्यात महिना गेला तरी चालेल.

याशिवाय, ज्याचा बिल्डरशी काही संबंध नाही अशा वकिलाकडून जमिनीच्या मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल काढून घ्यावा. नोंदणीकृत विक्री करारनामा होण्यापूर्वी किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेण्याची बिल्डरला कायद्याने मनाई आहे, हे लक्षात ठेवावे. कर्जासाठी राष्ट्रीयीकृत बँकेकडे अर्ज करून पाहावा. तीन-चार बँका त्या इमारतीला कर्ज देत नसतील आणि बिल्डर ठरावीक एकाच वित्तसंस्थेचे नाव पुढे करीत असेल, तर ती धोक्याची सूचना समजावी. इमारत राहण्यास तयार आहे असे सांगत असतील, तर भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय पुढे बोलूच नये.

सगळे कागद खरे निघाले, तर परिसर पाहायला जा, आणि सकाळी साडेसातला जा. डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकल असल्यामुळे तिथे घर असण्याचा दादरच्या माणसाला मोठा आधार आहे. पण स्थानकाजवळच्या गर्दीत, रिक्षांच्या रांगा आणि फेरीवाले यांच्यामधून दप्तर घेतलेले मूल शाळेपर्यंत कसे जाईल, हे त्या वेळीच दिसते. स्थानकापासून दहा मिनिटांऐवजी पंधरा मिनिटांवर, शांत गल्लीत, शाळेच्या बाजूला घर मिळत असेल, तर मी तेच घेईन.

प्रश्न : मुलगा पुण्यात शिवाजीनगरला नोकरी करतो. सून आणि लहान नातू त्याच्याबरोबर असतात. आम्ही साताऱ्याहून एसटीने ये-जा करतो, म्हणून स्वारगेटजवळ घर पाहतो आहोत. दांडेकर पुलाच्या आणि दत्तवाडीच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट बजेटमध्ये बसतो. तिथे पुराची भीती किती धरावी? (एक वाचक, सातारा)

उत्तर : स्वारगेटची निवड आपल्यासाठी योग्य आहे. एसटी स्थानक, पीएमपीचे आगार आणि मेट्रो तिथे एकमेकांना लागून आहेत. मुलाला शिवाजीनगरपर्यंत गाडी बदलावी लागत नाही आणि आपल्यालाही सामान घेऊन रिक्षा शोधत फिरावे लागणार नाही.

मात्र आपण सांगितलेल्या भागातून आंबिल ओढा वाहतो. कात्रजकडून सहकारनगर, पर्वती असे करीत तो दत्तवाडीजवळ मुठेला मिळतो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री थोड्या तासांच्या मुसळधार पावसाने याच ओढ्याला पूर आला, सोसायट्यांच्या सीमाभिंती कोसळल्या, गाड्या वाहून गेल्या आणि माणसे दगावली. जुलै 2024 मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत घरांत पाणी शिरले. त्यामुळे या पट्ट्यात नदीची आणि ओढ्याची अशी दोन्हींची चौकशी करावी लागते.

दुसरा मजला म्हणजे सुरक्षित, असे समजू नये. पाणी घरात येणार नाही. पण विजेचे मीटर, पाण्याचा पंप, लिफ्टची यंत्रणा आणि गाड्या तळमजल्यावरच असतात, आणि ते बुडाले की लहान मूल आणि वयस्कर माणसे घेऊन वर अडकून राहावे लागते. महापालिकेच्या विकास आराखड्यावर पूररेषा पाहाव्यात. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. निळ्या रेषेच्या आत घर घेऊच नये, आणि दोन रेषांच्या मध्ये असेल तर इमारतीच्या जोत्याची उंची आणि मीटर कुठे बसवले आहेत हे पाहून निर्णय घ्यावा. नंतर त्या इमारतीजवळच्या किराणा दुकानदाराला आणि पिठाच्या गिरणीवाल्याला 2019 मध्ये पाणी कुठवर आले होते ते विचारावे. ते भिंतीवर हात ठेवून दाखवतील.

त्याऐवजी स्वारगेटपासून थोडे उंचावर, मुकुंदनगर किंवा पर्वतीच्या ओढ्यापासून दूरच्या भागात शोध घेतल्यास घर लहान किंवा जुने मिळेल, पण चालत किंवा एका बसने मेट्रो गाठता येईल आणि नातवाला जवळ शाळाही मिळतील. स्वारगेट ते कात्रज या विस्ताराला केंद्राने ऑगस्ट 2024 मध्ये मंजुरी दिलेली असल्यामुळे सातारा रस्त्यालगतचे विक्रेते आताच वाढीव दर सांगतात. घासाघीस करताना तो मार्ग अजून सुरू व्हायचा आहे, हे त्यांना जरूर सांगावे.